बाईंचा चहा

तिसऱ्यांदाही बाईंचा चहा बिघडला, तेव्हा त्यांच्या थोरल्या मुलीने धाकट्या मुलाकडे पाहिलं आणि धाकट्याने मान हलवली. बहीणभावाचं असं एकमत त्या स्वयंपाकघराने पूर्वी कधी पाहिलं नव्हतं.

रविवारची दुपार. बाई ओट्याशी उभ्या होत्या, डावा हात ओट्यावर पालथा, उजव्या हातात चमचा. पातेल्यातलं दूध वर यायला लागलं होतं, साखर दोनदा पडली होती आणि चहाची पूड अजून डब्यातच होती. बाईंनी डबा उघडला, आत पाहिलं, क्षणभर विचार केला आणि चमचाभर पूड सरळ कपात टाकली.

"झालं," त्या म्हणाल्या. "आता गाळून घ्या."

"कशातून गाळू? गाळणं कुठंय?" थोरलीने विचारलं.

"असेल की इथेच कुठेतरी."

गाळणं त्यांच्या नाकासमोर खिळ्याला लटकत होतं.

दुसऱ्या कुठल्या घरात असा चहा झाला असता, तर कोणीतरी तो मोरीत ओतून नवा टाकला असता. पण हे घर ऑक्युपेशनल थेरपिस्टांचं. आजारातून उठलेल्या माणसाला त्याची रोजची कामं परत करता यावीत, मग ते शर्टाचं बटण लावणं असो की कारखान्यातलं यंत्र चालवणं, हाच या घराचा धंदा. आणि चहाची चाचणी ही त्या धंद्यातली जुनी, साधी परीक्षा. माणसाला ओट्याशी उभं करायचं, 'एक कप चहा करा' म्हणायचं आणि हाताची घडी घालून बघत राहायचं. क्रम चुकतो का, गॅस विसरतो का, एका बाजूच्या वस्तू नजरेतून सुटतात का. त्यावरून ठरतं की या माणसाला घरात एकटं सोडता येईल की नाही. दोन्ही मुलांना ही चाचणी बाईंनीच शिकवली होती. गावातल्या निम्म्या थेरपिस्टांनाही त्यांनीच शिकवली होती.

हिवाळा सुरू होता होता बाईंना झटका आला तो मेंदूच्या उजव्या बाजूला. डावा हात लुळा पडला, डावीकडचं लक्ष उडालं. ताटातलं डावीकडचं तसंच राहायचं. वाचा मात्र अशी शाबूत होती, की हॉस्पिटलातल्या नर्सा पाळी बदलून मागायच्या. आता हात बराचसा परतला होता, पायही. प्रश्न एकच उरला होता. बाईंनी याच घरात राहायचं आणि खालच्या मजल्यावरचा त्यांचा दवाखाना पुन्हा उघडायचा, की दोन्हींना कुलूप लावून धाकट्याकडे जायचं. त्यासाठीच आज सगळे जमले होते.

"बाई, तू बस जरा," धाकटा हळू आवाजात म्हणाला. त्याच्या लहान पेशंटांशी तो असाच बोलायचा. बाईंना तो सूर बरोबर कळला.

"मी बसते. तुम्ही जाऊन ठरवा," त्या म्हणाल्या.

*

बैठकीच्या खोलीत थोरली खिडकीशी उभी राहिली. ती हातांची थेरपिस्ट. तुटलेली बोटं, शिवलेल्या नसा, भाजलेले तळवे. मिलिमीटरच्या खाली ती बोलायची, वर नाही.

"क्रम गेलाय तिचा. आधी दूध, मग साखर, मग परत साखर. आणि डावीकडे बघतच नाही."

"आमच्याकडे खालची खोली तयार आहे," धाकटा म्हणाला. "न्हाणीघरात धरायला दांडे बसवलेत. उंबरा काढून टाकलाय."

"दांडे किती उंचीवर बसवलेस?"

"ताई, मला कळतं."

"तू पोरांसाठी बसवतोस. गुडघ्याएवढे बसवले असशील."

एरवी यावरून तासभर जुंपली असती. धाकट्याचा दवाखाना म्हणजे झोके, जाळ्या आणि रंगीत चेंडूंचं टाकं. ज्या मुलांना आवाज सहन होत नाही, कोणी हात लावलेला सहन होत नाही, पेन्सिल धरवत नाही, ती मुलं त्याच्याकडे यायची आणि घरी जायला तयार नसायची. थोरली त्याला उघड उघड जत्रा म्हणायची. तो तिच्या हॉस्पिटलातल्या विभागाला घड्याळजींचं दुकान म्हणायचा. पण आज दोघांनीही विषय तिथेच सोडला.

"आणि खालचा दवाखाना?" बाईंच्या सुनेने, धाकट्याच्या बायकोने विचारलं.

"दवाखाना कसला आता. गरम पाणी, कात्र्या, धारदार पाती. एकटी बाई खाली," थोरली म्हणाली.

"बंदच करायला लागणार," धाकटा म्हणाला.

सून खुर्चीत सरळ बसली. ती मनोरुग्णालयात काम करायची. तिथे तिने वॉर्डातल्या माणसांची बाग केली होती, पुस्तकं बांधायची खोली केली होती. "माझ्याकडे एक गवंडी आहे," ती म्हणाली. "पडला, पाठ मोडली. मुलांनी प्रेमाने त्याची थापी, ओळंबा, सगळं देऊन टाकलं. पाठ बरी झाली. माणूस भिंतीकडे तोंड करून झोपलाय तो झोपलाच आहे."

"तू प्रत्येक गोष्ट मनावर नेतेस," धाकटा म्हणाला.

"मग कुठे नेऊ? झोक्यावर?"

"वहिनी, इथे मनाचा प्रश्नच नाही," थोरली म्हणाली. "पूड कपात टाकली तिने. तुमच्यासमोर."

"टाकली, वन्सं. मी कुठे नाही म्हणते? पण तुम्ही दोघं इतक्या पटकन एक झालात, त्याचंच मला भय वाटतंय."

कोपऱ्यात खारू बसली होती. धाकट्याची मुलगी. लहानपणी घास गालात साठवून ठेवायची म्हणून खारू. नुकतीच पास होऊन तीही थेरपिस्ट झाली होती आणि पुढच्या शिक्षणासाठी कुठली शाखा घ्यायची ते तिला कॉलेजात उद्या सांगायचं होतं. गेला महिनाभर घरात तिची ओढाताण चालू होती. हात घे, आत्या म्हणायची, हातात अचूकपणा आहे. मुलं घे, बाबा म्हणायचा, मुलांचं सगळं आयुष्य पुढे असतं. आई काही म्हणायची नाही, फक्त वॉर्डातल्या बागेतली फुलं आणून तिच्या टेबलावर ठेवायची. ते तर सगळ्यात वाईट.

"खारू, तू बघितलंस ना? तूच सांग," थोरली म्हणाली.

"मी कप विसळून येते," खारू म्हणाली आणि उठली.

*

बाई स्टुलावर बसल्या होत्या. भिंत पातळ होती, सगळं ऐकू येत होतं. मुलं भांडत होती तोवर त्यांना काळजी नव्हती. थोरलीने उत्तर म्हटलं की धाकटा दक्षिण म्हणणार आणि मधल्या मध्ये आपण आपलं करणार, असंच आयुष्यभर चाललं होतं. आज दोघं एका बाजूला उभी होती. समोर बाई एकट्या.

त्यांना खालचा दवाखाना आठवत होता. त्या काळी लोकांना हे नाव उच्चारताही येत नसे. 'ऑक्युपेशनल म्हणजे काय हो, नोकरी लावून देता का?' असं विचारत माणसं आत डोकवायची. तेव्हा शाखा कुठल्या? एकच बाई सकाळी मोडलेलं मनगट बघायची, दुपारी बोलत नसलेलं मूल, संध्याकाळी वेड लागलं म्हणून बांधून ठेवलेल्या बाईच्या घरी जायची. पुढे या एका झाडाला फांद्या फुटल्या आणि त्या फांद्या आज बैठकीच्या खोलीत बसून झाडाचं काय करायचं ते ठरवत होत्या.

खारूने कप विसळायला घेतले. पाठमोरी असतानाच म्हणाली, "आजी, एक विचारू? चिडणार नसशील तर."

"चिडेन. विचार."

"तुझी डावी बाजू कच्ची आहे ना? मग चुका डावीकडे व्हायला हव्यात. साखरेचा डबा उजवीकडे होता. पूड उजवीकडे. गाळणं तर समोर. तू उजवीकडचे डबेसुद्धा पाहुण्यासारखे उघडत होतीस."

बाई खिळ्यावरच्या गाळण्याकडे बघू लागल्या.

"सकाळचा चहा कोण करतं इथे?"

"स्वयंपाकाला येते ती. थर्मासात भरून ठेवते."

"आणि ती यायच्या आधी?"

"तुझे आजोबा करायचे. ते होते तोवर मी चहाला हात... " बाई थांबल्या.

"आणि लग्नाच्या आधी?"

"माझी आई होती ना." त्यांनी दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "यातलं एक अक्षर बाहेर बोललीस तर बघ."

खारूने हातातला कप खाली ठेवला. "आजी! तू जन्मात चहा केलेला नाहीस?"

"हळू!"

"अगं, पण तू सगळ्यांना चहाची चाचणी शिकवलीस!"

"मग? चाचणी घेणाऱ्याने हात लावायचा नसतो. हा नियमच आहे. मी बघायचे." बाईंनी हनुवटी वर केली. "हजारो चहा बघितलेत मी. वाटलं, त्यात काय आहे, जमेल."

खारूने ओल्या हातांनीच तोंड दाबून धरलं. हसू आवरलं तेव्हा तिचे डोळे मोठे झाले. "पण यावरून ते तुझं घर बंद करायला निघालेत. जाऊन सांग की."

"काय सांगू? ज्या परीक्षेत लोकांना नापास केलं, ती मला स्वतःला कधीच येत नव्हती?"

"मग मी सांगते."

"तू शब्द दिलास."

"मी कुठे दिला?"

तेवढ्यात खालची बेल वाजली.

*

बैठकीतले तिघं खाली आले, तर दारात सलूनवाला उभा होता. उजव्या अंगठ्याच्या मुळाशी सांधा झिजलेला, बाईंचा जुना पेशंट. हातात प्लास्टिकचा एक तुकडा होता, पत्र्यासारखा सपाट झालेला. पूर्वी ती त्याच्या अंगठ्याला आधार देणारी स्प्लिंट होती.

"बाई आल्यात म्हणून कळलं," तो धाकट्याला म्हणाला. "गाडीत काचेपाशी राहिली हो. उन्हाने अशी झाली. रविवार असून दुकान बंद ठेवलंय आज, याच्याशिवाय दहा डोकी पण होत नाहीत माझ्याच्याने."

"या, मी करून देते," थोरली पुढे झाली.

सलूनवाला संकोचला. "ताईंनी मागे एकदा दिली होती करून. झकास होती. फक्त कात्री धरता येत नव्हती."

सुनेने खोकल्यासारखं केलं.

"अंगठा अगदी योग्य कोनात होता," थोरली म्हणाली.

"होता ना. अजिबात दुखला नाही. गिऱ्हाईक तेवढं शेजारच्या दुकानात गेलं."

"थांब तिथेच," वरून आवाज आला.

बाई जिना उतरत होत्या. उजवा हात कठड्यावर, आणि त्यांच्या एक पायरी खाली खारू, त्यांच्याकडे तोंड करून उलट्या पावलांनी. थोरलीने पुढे होऊन काही म्हणायच्या आत बाई आपल्या टेबलाशी पोचल्या होत्या.

"गाडीत ठेवू नकोस म्हणून किती वेळा सांगितलं?"

"बाई, मला वाटलं उन्हाने काय होतंय."

"गरम पाण्यात जे मऊ होतं, ते उन्हात काय टणक होणार? बस. खारू, पाण्याचं भांडं चालू कर. ताई, तू याचं मनगट धर. नुसतं धरायचं. हात चालवायचे नाहीत."

थोरलीने मनगट धरलं. सवयीने ती मनातल्या मनात टिकमार्क करू लागली. बाईंनी कागद पुढे ओढला, डावा तळवा त्यावर वजनासारखा ठेवला आणि उजव्या हाताने अंगठ्याभोवती पेन्सिल फिरवली. बरोबर. वेल्क्रोच्या पट्ट्या आधी कापून, लागतील त्या ओळीने मांडल्या. बरोबर. पांढरी शीट कापली, चिमट्याने पाण्यात सोडली, मऊ झाल्यावर उचलली, टॉवेलवर टिपली, आपल्या मनगटावर लावून फार गरम नाही ना ते पाहिलं. सगळं बरोबर. कुठेही थांबणं नाही, शोधणं नाही. स्वयंपाकघरातली ती बाई कोण होती मग?

"कात्री आणलीस?"

"खिशातच असते."

"घे हातात. आणि काप."

"काय कापू?"

"हवा."

सलूनवाला हवेत कच कच कात्री चालवू लागला आणि त्या हलत्या अंगठ्याभोवती बाईंनी मऊ प्लास्टिक गुंडाळलं. हीच बाईंची पद्धत. हात रिकामा ठेवून साचा घ्यायचा नाही, हातात त्याचं काम देऊन घ्यायचा. ओढून धरायला दुसरा हात कमी पडला, तेव्हा त्यांनी सलूनवाल्याचाच डावा हात घेतला. "हे टोक धर. तुझंच आहे." थोरलीला वाटलं, हे पुस्तकात नाही. आणि मग वाटलं, असायला हवं.

प्लास्टिक घट्ट झालं. बाईंनी ते काढलं, उजवीकडची कड कापून गोल केली आणि पट्टी उचलली. डावीकडचा कोपरा तसाच राहिला होता, टोकदार. थोरलीला दिसला. तिने तोंड उघडलं. सुनेने मागून तिचं कोपर दाबलं. धाकटा दारात उभा होता, त्यालाही दिसला होता.

बाईंनी पट्टी खाली ठेवली. मग डोळे मिटून उजव्या अंगठ्याने स्प्लिंटची कड चाचपू लागल्या, सावकाश, पूर्ण गोल. डावीकडे आल्यावर अंगठा थांबला.

"इथे टोचतंय." त्यांनी स्प्लिंट वळवून उजवीकडे आणली आणि कोपरा कापला. "डावीकडचं सुटतं हल्ली माझं. म्हणून डोळ्यांवर सोडत नाही."

थोरलीने सलूनवाल्याचं मनगट सोडलं. आपलं काय गेलंय ते ज्याला कळतं, त्याला एकटं सोडता येतं. ज्याला कळत नाही, त्याला नाही. हेही बाईंनीच तिला शिकवलं होतं, याच टेबलाशी.

"आता एक डोकं हवं," बाई म्हणाल्या आणि मुलाकडे पाहिलं.

"माझं? बाई, आहेत तेवढे केस तरी राहू दे!"

"बस म्हणते ना."

धाकटा बसला. सलूनवाल्याने नव्या स्प्लिंटच्या हाताने त्याच्या कानामागून कात्री फिरवली, एकदा, दोनदा, आणि मग तो एकदम भरभर कापतच सुटला. "बाई! दुखत नाही! आणि कात्री फिरते!"

"बाबा, एका बाजूनेच कापतायत," खारू म्हणाली.

"डावी बाजू राहिली वाटतं," धाकटा म्हणाला आणि लगेच जीभ चावली. पण सगळ्यात आधी बाईच हसल्या.

हसू ओसरल्यावर धाकटा खांद्यावरचे केस झटकत म्हणाला, "बाई, मला एक कळत नाही. हे सगळं जमतं, मग चहा का नाही जमत?"

खारूने आजीकडे पाहिलं. बाईंनी खारूकडे. मग त्या स्टुलावर टेकल्या.

"कधी केला होता मी?" त्या म्हणाल्या. "आठव. एकदा तरी."

धाकट्याने आठवायला सुरुवात केली. सकाळ. अण्णा, त्याचे वडील, ट्रे घेऊन जिना उतरतायत, बँकेत जायचे कपडे अंगावर. दुपारच्या सुट्टीत अण्णा. आजारपणात अण्णा. परीक्षेच्या दिवसांत, दाराशी कप ठेवून पाय न वाजवता परत जाणारे अण्णा. तो बहिणीकडे वळला. तिचाही चेहरा तसाच झाला होता.

"नाही," थोरली म्हणाली. "कधीच नाही."

"चहा यायचा," धाकटा म्हणाला. "तो कोण करतं ते आपण कधी पाहिलंच नाही."

"पहिला प्रश्न!" थोरलीने कपाळावर हात मारला. "अनोळखी माणूस आला तरी आपण आधी हेच विचारतो, हे काम तुम्ही आजाराआधी करत होतात का. विद्यार्थ्यांनी विचारलं नाही तर मी त्यांना वर्गाबाहेर काढते. आणि आपल्या आईला विचारलं नाही!"

"आपली आई आहे ना," सून म्हणाली. "म्हणून वाटलं, माहीत असणारच."

"वहिनी, तुम्ही आज जिंकलात. आता गप्प बसा."

"पण बाई, तू का नाही बोललीस?" धाकट्याने विचारलं.

"चाचणी मीच शिकवली होती तुम्हाला," बाई म्हणाल्या. "कुठल्या तोंडाने बोलू?"

थोरली हसायला लागली. ती सहसा हसायची नाही, पण एकदा लागली की तिला धरून बसवावं लागायचं. टेबलाची कड धरून ती हसली, डोळे पुसले, परत हसली. धाकटा अर्ध्या कापलेल्या डोक्याने तिच्याबरोबर हसत होता. सलूनवाल्याला काही कळलं नव्हतं, तरी तोही सामील झाला.

"आत्या," खारू म्हणाली. "बाबा. मी उद्या कॉलेजात काय सांगणार ते ठरलं."

सगळे थांबले. खारूचं लक्ष मात्र आजीकडे होतं.

"म्हातारी माणसं. त्यांच्याच घरात जाऊन."

"त्यात काय आहे गं?" थोरलीच्या तोंडून गेलं. "दांडे बसवायचे, पायपुसणी उचलायची."

"आत्या, आज या घरात चार थेरपिस्ट होते. तरी एका म्हातारीचं घर जाता जाता वाचलं."

धाकट्याने बायकोकडे पाहिलं. ती आता उघड हसत होती.

"घे," बाई म्हणाल्या. "पण ऐक. समोरचा म्हातारा हट्टी असला तर आधी आजार शोधू नकोस. हट्टच असेल."

"हे कोणाला बघून सांगतेस?"

"अनुभवाने सांगते."

सलूनवाला उठला. अंगठा उघडझाप करून पाहिला, धाकट्याच्या डोक्याची दुसरी बाजू दुकानात येऊन फुकट करून न्यायला सांगितलं आणि दाराशी थबकला.

"बाई, पट्टी सैल झाली तर कुठे येऊ?"

विचारलं होतं बाईंना. त्यांनी थोरलीकडे पाहिलं. सगळा हिवाळा थोरलीने आईच्या पेशंटांना फोनवर एकच वाक्य सांगितलं होतं, माझ्या हॉस्पिटलात या. ते वाक्य तिच्या ओठावर आलं आणि तिथेच राहिलं.

"इथेच या," ती म्हणाली. "सकाळी या. बाई सकाळी बसतील."

"दुपारीही बसेन," बाई म्हणाल्या.

आणि कोणीही वाद घातला नाही.